डोंगरात दोघंच: एका जागी मुक्काम, हट ते हट, की पाठीवर तंबू?

डोंगरातल्या सुट्टीचा विषय निघाला की आधी 'कुठे' यावर खल सुरू होतो. कोणती दरी, कोणता तलाव, कोणती खिंड. माझ्या मते त्याआधी ठरवायचं ते 'रात्री झोपायचं कुठे'. पाठीवरचं ओझं, रोजची चाल, पाऊस आला तर काय, एकाला बरं नसेल तर काय, आणि खरं सांगायचं तर भांडणं कशावरून होणार, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

पर्याय ढोबळमानाने तीन. पायथ्याच्या गावात एकच खोली घ्यायची, रोज वेगळी वाट चालायची आणि संध्याकाळी परतायचं. किंवा डोंगरात बांधलेल्या निवाऱ्यांमधून, म्हणजे हटमधून, रोज पुढच्या मुक्कामाला सरकायचं. किंवा तंबू, स्टोव्ह, शिधा पाठीवर घेऊन आपली रात्र आपणच ठरवायची. आयोजकांबरोबर गटाने जाणं हा चौथा मार्ग आहेच, पण तिथे वेळापत्रक तिसरंच कुणी आखतं. इथे तुलना आहे ती दोघांनी स्वतः आखलेल्या सुट्टीची.

चालीतला फरक

दोघांची चाल तंतोतंत जुळणं हा योगायोगच. बहुतेक जोडप्यांत एक जण पुढे असतो, एक मागे. हा फरक आकड्यांत मांडून बघण्यासारखा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशोब अजूनही वापरतात: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. आता आल्प्समधली माँ ब्लाँभोवतीची प्रसिद्ध प्रदक्षिणा घ्या. अंतर सुमारे १७० किलोमीटर, एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास. ११ दिवसांत करायची म्हटलं तर रोज साधारण १५-१६ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ. नेस्मिथच्या हिशोबाने हे साडेचार तासांचं चालणं, तेही कुठेही न थांबता. एकाला एवढा वेळ लागत असेल आणि दुसऱ्याला त्याच्या एक तृतीयांश जास्त, तर रोज दीड तासाची तफावत पडते. एखादा दिवस ती हसण्यावारी जाते, पण सलग आठ-दहा दिवस नाही.

त्यात एक ठरलेला प्रकार घडतो. पुढचा वळणावर टेकतो, पाणी पितो, फोटो काढतो. मागचा धापा टाकत पोचतो आणि हा म्हणतो, "चला." म्हणजे जो जास्त दमलाय त्याला विश्रांती मिळतच नाही. यावरचे उपाय साधे आहेत. संथ चालणाऱ्याने पुढे राहायचं आणि गती त्याने ठरवायची. आणि वजन निम्मं-निम्मं न वाटता पुढे पळणाऱ्याच्या सॅकमध्ये जास्त भरायचं. समान वाटणीचा आग्रह घरी ठीक आहे, चढावर त्याने कुणाचंच भलं होत नाही.

एका जागी मुक्काम करणाऱ्यांना मात्र आणखी एक मुभा असते, जी बाकी दोन पर्यायांत मिळत नाही: एखाद्या दिवशी वेगवेगळं काही करणं. एकाला शिखर गाठायचंय, दुसऱ्याला तळ्याकाठी वाचत बसायचंय, तर दोन्ही होतं. जिथे रोपवे आहे तिथे तर एकाने चालत चढायचं, दुसऱ्याने पाळण्यातून यायचं आणि वर एकत्र जेवायचं. (परतीचा शेवटचा पाळणा किती वाजता, हे चढण्याआधी विचारून ठेवा. गुडघे दुखत असताना तो चुकला तर ती उतरण फार लांब वाटते.) हट ते हट चालताना आजचा टप्पा दोघांनाही पुरा करावाच लागतो, आणि तंबू एकच असेल तर वेगळं होण्याचा प्रश्नच नाही.

ओझं

दिवसाच्या फेरीला पाणी, खाणं, पावसाळी जाकीट, एक उबदार थर आणि प्रथमोपचार एवढंच लागतं. चार-पाच किलोंत भागतं. हटमध्ये जेवण आणि पांघरूण मिळत असेल तर माणशी सहा ते आठ किलो पुरतात.

तंबूचा हिशोब मांडूनच बघा. दोघांचा तंबू २ किलो, दोन स्लीपिंग बॅगा मिळून २, दोन मॅट १, स्टोव्ह-गॅस-भांडं १. खाणं दर माणशी दर दिवशी ७०० ग्रॅम धरलं तर चार दिवसांचं साडेपाच किलोंच्या वर. पाणी ३ लिटर. कपडे, टॉर्च, औषधं आणि रिकाम्या सॅकचं वजन मिळून आणखी १० किलो सहज. बेरीज २४-२५ किलो. वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त पाठीवर घेऊ नये हा ढोबळ नियम लावला, तर ५५ किलोच्या माणसाने ११ आणि ७५ किलोच्या माणसाने १५ उचलायचे. म्हणजे चार दिवसांची सफर जेमतेम बसते, सहा दिवसांची बसत नाही. तरी दोघांना एक फायदा आहेच. एकट्याला तंबू आणि स्टोव्ह पूर्ण वाहावे लागतात, तुमच्यात ते वाटले जातात.

उंचावर स्वयंपाक करायचा तर दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे शिजायला वेळ लागणारा शिधा नेला तर गॅस संपतो आणि घास कच्चाच राहतो. आणि गॅसच्या डब्यात नुसता ब्यूटेन असेल तर शून्याच्या आसपास तो वायूरूप होणंच थांबवतो. थंडीसाठी आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्यावं.

रात्र

खोलीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दार आहे, गरम पाणी आहे.

हटबद्दल मात्र आधीच स्पष्ट बोललेलं बरं, कारण 'डोंगरातली लाकडी झोपडी, आपण दोघं' असं चित्र मनात धरून जाणाऱ्यांचा इथे विरस होतो. बहुतेक हटमध्ये एका दालनात ओळीने बिछाने असतात आणि शेजारी अनोळखी माणूस घोरत असतो. रात्री दहाच्या सुमाराला दिवे जातात, पहाटे कुणाची तरी सॅक खुडबुडायला लागते. काही ठिकाणी दोघांसाठी खोल्या असतात, पण त्या मोजक्या आणि लवकर भरणाऱ्या. एकांतासाठी सुट्टी घेत असाल तर या निकषावर हट सपशेल नापास. गप्पा मारायला, वाटांची खबर काढायला माणसं हवी असतील तर हटसारखी जागा नाही. कानात घालायचे बोळे कोणत्याही परिस्थितीत न्यावेत.

तंबूत एकांत भरपूर, थंडीही भरपूर. हवेचं तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात निरभ्र रात्री गार हवा ओघळून दरीच्या तळाशी साचते, म्हणून तळातली सपाट गवताळ जागा कितीही सुरेख दिसली तरी तंबू जरा वरच्या पायरीवर लावावा. आता स्लीपिंग बॅगेबद्दल, कारण इथे जोडपी हमखास फसतात. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे बॅगेवर दोन तापमानं दिलेली असतात. 'कम्फर्ट' हे प्रमाण मानलेल्या स्त्रीसाठी, तर त्याहून खालचं 'लिमिट' हे प्रमाण मानलेल्या पुरुषासाठी आणि तेही अंगाचं मुटकुळं करून झोपला आहे असं धरून. दुकानात मोठ्या अक्षरांत बऱ्याचदा दुसराच आकडा असतो. तो बघून दोन सारख्या बॅगा घेतल्या की रात्री एक जण गाढ झोपतो आणि दुसरं माणूस कुडकुडतं. जास्त थंडी वाजणाऱ्याच्या अंदाजाने, कम्फर्टचा आकडा बघून बॅग घ्या. एकाची चेन डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे असेल तर अनेक बॅगा एकमेकींना जोडता येतात. कल्पना गोड आहे, पण मानेपाशी फट राहते आणि ऊब तिथून निसटते. कडाक्याच्या रात्री आपापल्या बॅगेत झोपलेलं बरं.

शौचाचा विषय कुणी काढत नाही म्हणून मीच काढते. तंबूच्या सफरीत पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर दूर जाऊन १५-२० सेंटीमीटर खोल खड्डा खणायचा, नंतर बुजवायचा, कागद पिशवीत घालून परत आणायचा. काही भागांत तर मैलाही सोबत परत न्यावा लागतो. हे वाचतानाच दोघांपैकी एकाचा चेहरा बदलला असेल, तर तंबूचा बेत सध्या बाजूला ठेवा.

उंची

२५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, आणि तो तब्येत कमावलेल्या माणसाला टाळून दुसऱ्याकडे जात नाही. रोज धावणारा आडवा पडतो आणि जिने चढायला कंटाळणारा मजेत असतो, असंही घडतं. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असं डॉक्टर सांगतात. एका जागी मुक्काम असेल तर दिवसा वर, रात्री खाली हा क्रम आपोआप पाळला जातो. तंबूवाल्यांना हवं तिथे थांबता येतं, पाणी जवळ असलं म्हणजे झालं. हटच्या मार्गावर मात्र तुमची झोपण्याची उंची हट बांधणाऱ्याने ठरवलेली असते. दोन हटमध्ये ८०० मीटरचा फरक असेल तर मधे पर्याय नसतो, म्हणून आरक्षणाआधी मुक्कामांच्या उंचीची यादी करा.

डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही सुरुवातीची लक्षणं. ती दिसली की आणखी वर जायचं नाही, वाढली की उतरायचं. तोल जायला लागला, सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता येईना किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न बघता ताबडतोब खाली. हे स्वतःचं स्वतःला कळत नाही, दुसऱ्यालाच कळतं. दोघं असण्याचा हा मोठा उपयोग. जोडीदाराची चिडचिड उंचीमुळे आहे की तुमच्यामुळे, हे ओळखणं तेवढं अवघड.

हवामान आणि आरक्षण

उन्हाळ्यात अनेक डोंगरांत गडगडाट दुपारनंतर जमतो, म्हणून पहाटे निघून दुपारपर्यंत धारेवरून उतरलेलं असावं. खोलीवाल्यांना ढग बघून बेत बदलता येतो. तंबूवालेही एखादा दिवस पडून राहू शकतात, फक्त शिधा एक दिवसाचा जास्त हवा आणि तेवढ्या जागेत दिवसभर एकमेकांचं तोंड बघायची तयारी हवी. सगळ्यात अडचण हटवाल्यांची. सहा रात्रींचे सहा बिछाने आधीच राखलेले, एक दिवस हुकला की पुढची माळ तुटते. मग खिंडीवर ढग उतरलेले दिसत असूनही 'आरक्षण आहे' म्हणून माणसं निघतात. हटची सफर आखताना एक रिकामा दिवस मधे ठेवावा आणि प्रत्येक टप्प्यावर खाली रस्त्याला उतरणारी वाट नकाशावर खूण करून ठेवावी.

दोघंच असण्याचा धोका

डोंगरातला जुना हिशोब चौघांचा आहे: एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघं मदत आणायला. दोघांत हा हिशोब बसत नाही. मोबाइलला रेंज नसेल तर जखमी जोडीदाराला एकटं सोडून जायचं की दोघांनी वाट बघायची, हा निर्णय कुणावरही येऊ नये. वर्दळीच्या हट मार्गावर किंवा गावाजवळच्या वाटांवर मागून कुणीतरी येतं. तंबू घेऊन आडवाटेला जाणाऱ्यांनी मात्र उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नेणं मला अत्यावश्यक वाटतं. शिट्टी किंवा टॉर्चने मदत मागायची खूण म्हणजे मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. नकाशा, थोडे पैसे आणि शिट्टी दोघांच्याही सॅकमध्ये हवी. सगळं एकाकडेच असतं आणि तोच पुढे निघून गेलेला असतो, हे टाळायचं.

मग काय निवडाल?

दोघं पहिल्यांदाच जात असाल किंवा चालीत मोठा फरक असेल, तर मी एका जागेचा मुक्काम सुचवेन. पण त्याची उणीवही खरी आहे: संध्याकाळी सगळे खाली उतरल्यावर डोंगर जसा असतो तसा तो खोलीवाल्यांना दिसत नाही, आणि गावाजवळच्या वाटांवर गर्दी असते. म्हणून आठवड्याची सुट्टी असेल तर मधली एक रात्र हटमध्ये काढा. चौथ्या-पाचव्या दिवशी, कारण तोवर पाय रुळलेले असतात आणि हवा बिघडली तर बेत एक दिवस पुढे ढकलायला जागा असते. गेल्या वाटेने परत उतरता येईल असा हट निवडा. जास्तीचं सामान खोलीवर ठेवू देतील का, हे खोली घेतानाच विचारा.

चाल जवळपास सारखी, दोघांनाही माणसांत झोपायची हरकत नाही आणि दिवसामागून दिवस पुढे सरकण्याची हौस आहे, अशांनी थेट हट ते हट जावं. आल्प्समध्ये त्यांचा मोसम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. सुरुवातीच्या दिवसांत उंच खिंडींत बर्फ उरलेला असू शकतो, म्हणून उत्तरार्ध सोयीचा.

तंबू त्यांच्यासाठी, ज्या दोघांनीही आधी तंबूत रात्र काढली आहे आणि दोघांनाही ती पुन्हा काढायची आहे. एकाची हौस आणि दुसऱ्याचा होकार एवढ्यावर चार रात्री निभत नाहीत. तंबूला मुभा कुठे आहे तेही तपासा, कारण अनेक राष्ट्रीय उद्यानांत परवाना लागतो किंवा ठरलेल्या जागीच राहता येतं. पहिली रात्र रस्त्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर लावा. सकाळी दोघं चहा पिऊन पुढे निघायला तयार असाल तर पुढे जा. एक जण तयार नसेल तर गाडी जवळच आहे, आणि पायथ्याच्या गावात खोली मिळते का ते बघायला अख्खा दिवस हातात आहे.