पिलर्स ऑफ इटर्निटी 2: डेडफायर – चाच्यांच्या बाजूने खेळल्यावर

डेडफायर हा व्हिडिओ गेम 2018 च्या मे महिन्यात आला, त्यामुळे त्याचं ग्राफिक्स, संगीत, कॅरेक्टर बिल्ड यांवर लिहायला मी फारच उशीर केलाय. गेले काही महिने मात्र रात्रीची जेवणं आटोपली की हाच गेम चालू असतो. आधी राणीच्या बाजूने पूर्ण केला आणि मग सगळं सोडून चाच्यांकडे गेलो. हा अनुभव त्या दुसऱ्या खेळीचा आहे. माझ्या मते या गेममधलं सगळ्यात चांगलं लेखन आणि सगळ्यात मोठी चुकलेली संधी, दोन्ही या चाच्यांपाशीच आहे.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेडफायर हा बेटांचा मोठा पुंजका आहे. मूळचे रहिवासी हुआना, त्यांची राणी ओनेकाझा दुसरी नेकेताका शहरात बसते. बाहेरून आलेल्या दोन बड्या शक्ती म्हणजे वैलियन ट्रेडिंग कंपनी आणि रौआताई राज्याची रॉयल डेडफायर कंपनी. एकीचा डोळा अ‍ॅड्रा नावाच्या मौल्यवान खनिजावर, दुसरीचा बंदरांवर आणि जमिनीवर. या तिघांच्या मधे प्रिंचिपी सेन पात्रेना. हे चाचे, पण टोळी नाही, सैन्य तर नाहीच. प्रत्येक कप्तान स्वतःच्या गलबतावर स्वतःच राजा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर नावापुरती एक सभा. डनेज हे त्यांचं बंदर. तिथे पहिल्यांदा उतरलात की लगेच लक्षात येतं, इथे हुकूम कोणाचाच चालत नाही, फक्त वजन चालतं.

या सैल संघाचा इतिहास लेखकांनी नीट विचार करून रचलाय. जुनं वैलियन साम्राज्य यादवीत कोसळल्यावर परागंदा झालेले सरदार समुद्रावर आले आणि त्यांनी लुटीचा धंदा धरला. त्यांचे वारस अजून त्या घराण्यांच्या तोऱ्यात वावरतात. फुरांते हा त्यांचा म्होरक्या. बोलणं गोड, रीतभात चोख, आणि डोळ्यांसमोर कायम पूर्वजांचं वैभव. दुसरीकडे नंतर आलेले: पळून आलेले गुलाम, देशोधडीला लागलेले खलाशी, ज्यांना त्या साम्राज्याशी काडीचंही देणंघेणं नाही. त्यांची पुढारी एल्डिस. तिला परंपरा नको, सरदारकी नको, समुद्र मोकळा हवा. एकच झेंडा, एकच बंदर, पण त्या झेंड्याखाली नेमकं कशासाठी उभं राहायचं यावर दोघांचं कधीच एकमत होणार नाही. राणी किंवा कंपन्यांकडे असा आतला ताण मला इतका जाणवला नाही. तिथे शेवटी वरच्याचा शब्द अंतिम असतो.

हा सैलपणा नुसता संवादांत सांगितलेला नाही, अंगावर येतो. खेळाच्या सुरुवातीलाच कॅप्टन बेनवेथ आपल्या जहाजावर हल्ला करतो आणि आपण वादळात सापडून माजे बेटाच्या किनाऱ्याला लागतो. हा बेनवेथ प्रिंचिपीचाच. पुढे आपण डनेजला पोचतो तेव्हा कळतं की संघातल्याच लोकांना तो डोईजड झालाय, आणि त्याचा बंदोबस्त आपण केला तर कोणी फार रडणार नाही. फोर्ट डेडलाइट हा त्याचा तळ म्हणजे गेममधल्या उत्तम जागांपैकी एक. सरळ मारामारी करत घुसा, लपतछपत जा, नाहीतर थापा मारून आत शिरा, तिन्ही रस्ते खरोखर चालतात. मी थापांचा घेतला आणि त्या किल्ल्यात नुसतं फिरण्यात, दारूच्या टेबलांवरची बोलणी ऐकण्यात एक अख्खी रात्र घालवली.

मग येतो गुलामांचा प्रश्न, आणि इथे लेखन खरं धारदार होतं. क्रुकस्पर बेटावर गुलामांचा व्यापार चालतो. फुरांतेला तो चालू राहायला हवाय, कारण पैसा तिथून येतो. एल्डिसला तो मुळापासून उखडायचाय. आपल्यासोबत सेराफेन असेल तर (निळ्या केसाळ अंगाचा, ओर्लन जमातीचा, स्वतः गुलामीतून सुटलेला चाचा) हे प्रकरण फक्त राजकारणाचं राहत नाही. त्याच्या मनःशक्ती कधी भलतीकडेच उसळतात, लढाईत दोनदा तरी त्याने माझीच पंचाईत केली, पण त्याला मी जहाजावरून उतरवलं नाही. ज्यांना वाटतं की चाचे म्हणजे रम, पोपट आणि गाणी, त्यांनी क्रुकस्पर नक्की करावं. गाणीही आहेत म्हणा. प्रवासात खलाशी गातात आणि ती सुरेख आहेत.

आता चुकलेल्या संधीकडे. चाच्यांचं स्वातंत्र्य वगैरे एवढं ऐकून आपण आपल्या जहाजावर परत येतो, आणि तिथे आपण चक्क मालक असतो. खलाशांना रोजचा पगार द्यायचा, अन्न आणि पाणी भरायचं, जखमींना डॉक्टरकडे सोपवायचं, मनोधैर्याचा आकडा घसरू द्यायचा नाही. हे सगळं जमून आलंय, सुकाण्यावर कोण, तोफेवर कोण हे ठरवण्यात मजाही येते. पण मत कोणालाच नाही. खऱ्या इतिहासातला अटलांटिकवरचा चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स घ्या. 1720 च्या सुमारास त्याच्या जहाजाचे लेखी नियम होते. महत्त्वाच्या बाबतीत प्रत्येकाला एक मत. लुटीत कप्तान आणि क्वार्टरमास्टरला दोन वाटे, सारंग आणि मुख्य तोपचीला दीड, साध्या माणसाला एक. अशी वाटणी डेडफायरमध्ये असती, हल्ला करायचा की नाही यावर डेकवर मतदान झालं असतं, हरल्यावर मला कप्तानी सोडावी लागली असती, तर प्रिंचिपीच्या बाजूने खेळणं आणि कंपनीच्या बाजूने खेळणं यात हाताला जाणवेल असा फरक पडला असता. आत्ता झेंडा बदलतो, पगारपत्रक तेच राहतं.

कंपन्यांच्या तोंडी 'चाचे' हा शब्द सारखा येतो तेव्हा कोकणातल्या माणसाला कान्होजी आंग्रे आठवणारच. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी ते चाचेच होते. पण ती तुलना मी एका मर्यादेपुढे नेणार नाही. कान्होजी 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांच्या बाजूला आले, ते राज्याचे सरखेल (आरमारप्रमुख) होते, आणि त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जहाज हाकू नये हा त्यांचा दावा एका सत्तेचा दावा होता. प्रिंचिपीच्या पाठीशी असं राज्यच नाही. फुरांतेचं दुखणं तेच आहे, आणि एल्डिसला त्यात दुखण्यासारखं काही दिसत नाही.

समुद्रावरच्या लढाईबद्दल मतं टोकाची आहेत. ती चित्रांऐवजी मजकुरात, पाळीपाळीने होते. अंतर किती, डावी बाजू समोर आणायची की उजवी, शीड फाडायचं की जहाजाचा सांगाडा फोडायचा. पहिले काही दिवस मला भारी वाटलं. पण मग लक्षात आलं की सुरुवातीलाच सरळ अंगावर जाऊन शत्रूच्या डेकवर उडी मारली तर थोडं नुकसान सोसून बहुतेक वेळा काम लवकर होतं, आणि डेकवरची मारामारी जास्त रंगतदार असते कारण आपले खलाशीही त्यात उतरतात. त्यानंतर तोफा मी क्वचितच वापरल्या. जंक किंवा गॅलियन या मोठ्या जहाजांसाठी पैसे साठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुख्य कथेचा आणि चाचेगिरीचा सांधा नीट बसलेला नाही. इओथास हा देव अ‍ॅड्राच्या प्रचंड पुतळ्यात शिरून बेटं तुडवत चाललाय, जग धोक्यात आहे, आणि आपण मात्र रमचे पिंप कुठे स्वस्त मिळतात ते बघत फिरतोय. वेळेची मर्यादा खरं तर नाही. त्यामुळे निवांत फिरा, घाईचा आव कथेचा आहे.

सगळ्यात जास्त खटकलं ते संघाचं शेवटी काय होतं ते. दोन म्होरक्यांपैकी एकाचा पत्ता कापूनच पुढे जावं लागतं. मी एल्डिसच्या बाजूने गेलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या संघाची सगळी गंमत दोन न पटणारी माणसं एकाच बंदरात नांगर टाकून आहेत यात होती, तो माझ्या हाताने एका माणसाचा पक्ष झाला. भांडत भांडत एकत्र राहण्याचा एखादा अवघड, महागडा मार्ग ठेवायला हवा होता. बक्षीस म्हणून मिळणारं फ्लोटिंग हँगमन हे भुताटकीचं जहाज मात्र झकास. शेवटी जिथे पोचायचं असतं त्या उकाइझोभोवतीच्या वादळातून पार व्हायला ते लागतं. कोणाचीच बाजू घ्यायची नसेल तर स्वतःचं जहाज मजबूत करूनही तिथे जाता येतं.

घेणार असाल तर काही गोष्टी. पहिला भाग खेळलेला नसला तरी चालतं, सुरुवातीला मागचा इतिहास निवडता येतो आणि संवादातल्या अनोळखी शब्दांवर कर्सर नेला की अर्थ दिसतो. संवाद भरपूर आहेत, इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हा गेम तुमच्यासाठी नाही. पार्टीत, म्हणजे आपल्या लढणाऱ्या गटात, पाचच जण, त्यामुळे सेराफेनसाठी एक जागा आधीपासून धरून ठेवा. 2019 च्या जानेवारीत टर्न-बेस्ड मोड, म्हणजे पाळीपाळीने लढायचा प्रकार, आला. तो नवा खेळ सुरू करतानाच निवडायचा असतो. लढाया त्यात लांबतात पण काय चाललंय ते कळतं, मी तोच घेतला. शहरात दर दारागणिक लोडिंग आहे, तेव्हा गेम एसएसडीवर टाका. आणि क्रुकस्परला जाण्याआधी एक वेगळी सेव्ह ठेवा. फुरांतेकडून तो भाग कसा दिसतो ते बघायला मी तिथूनच परत सुरू केलंय.