पेव्हर ब्लॉक, दगडी गल्ल्या आणि कस्टम स्टील फ्रेम: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझं रोजचं सायकलवरचं जाणं-येणं शिवडी ते फोर्ट. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकींना बंदी, त्यामुळे खालच्या पी. डि'मेलो रोडला पर्याय नाही. ट्रेलरांनी दाबून टाकलेला रस्ता, खचलेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या पट्ट्यांमधल्या फटी आणि बंदराकडच्या काही गल्ल्यांत अजून तग धरून असलेले काळ्या दगडाचे ठोकळे. या रस्त्यांसाठी मापाची स्टील फ्रेम बनवून घेतली. हिवाळा, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा ती चालवली, म्हणून आता लिहितोय.

'स्टील मऊ चालतं' असं कुणीही सांगतं. त्या भरवशावर पैसे घालू नका. दोन त्रिकोणांचा तो सांगाडा उभ्या दिशेने जवळपास दबतच नाही, मग तो कुठल्याही धातूचा असो. धक्का खातो टायर, आणि थोडाफार सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी. फ्रेमने त्या टायरला जागा द्यायची. माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सायकलीत २८ मिमीच्या पुढे टायर बसत नव्हता आणि ब्लॉकच्या फटीत चाक अडकायचं. नव्या फ्रेममध्ये मडगार्डसकट ४२ मिमी बसतो. माझं वजन ७० किलोच्या आसपास. मागे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पुढे त्याहून जरा कमी हवा ठेवतो. त्याच फटीवरून आता हँडल घट्ट न धरताही जाता येतं.

पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची शर्यत १८९६ पासून चालू आहे. तिथेही हाच शोध लागत गेला. १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर द्यूक्लो-लासाल सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा) लावून जिंकला, पण त्या शर्यतीत तो फोर्क रुळला नाही. आज तिथले सायकलपटू ३० मिमीहून रुंद टायर लावून, हवा कमी ठेवून दगडांवर उतरतात.

नळ्यांच्या नावांवरून फार वाद घालू नये. साधं ४१३० क्रोमोली स्टील घ्या की रेनॉल्ड्स कंपनीचं महागडं ८५३, धातूचा ताठपणा सारखाच. महागडं स्टील जास्त मजबूत असतं, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन उतरतं. मी ४१३० घेतलं, बटेड, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ. फ्रेम दोन किलोच्या वर भरते. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर रोज खांद्यावरून न्यावी लागते. ते वजन मला जाणवतं, पण मान्य आहे.

ब्रेकवर मी बराच विचार केला. पातळ दांड्यांचा फोर्क थोडा लवचिक असतो. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्याशी चकती पकडणारा ब्रेक, लावला की दांडी जाड करावी लागते. तरी डिस्कच घेतला, कारण जुलैच्या चिखलात रिम ब्रेकचे पॅड रिमला, म्हणजे चाकाच्या कडेला, वाळू घासत बसतात आणि ऐन वेळी सायकल थांबत नाही. फोर्कमध्ये गेलेला आराम टायरने भरून दिला.

कस्टमचा खरा फायदा मापात आहे. माझे पाय लांब, धड आखूड. तयार साइजमध्ये सीट बरोबर आली की हँडल लांब जायचं, आणि खडबडीत रस्त्यावर सगळा भार तळहातांवर. आता हँडल वर आणि जवळ आहे. ऑफिसात पोचल्यावर बोटांना मुंग्या येत नाहीत. माझ्या लेखी या एका गोष्टीने पैसे वसूल.

गंज मात्र आतून येतो. सीटपोस्टच्या कडेने झिरपलेलं पाणी सीटखालच्या उभ्या नळीतून (सीट ट्यूब) थेट बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, उतरतं. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला भोक ठेवायला मी आधीच सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये सायकल उभी धरली तर त्यातून चहासारखं तांबूस पाणी ठिबकलं. मग सगळं उघडून, सुकवून, नळ्यांत गंजरोधक मेण फवारलं. समुद्राकाठच्या हवेत हे दर पावसाळ्याआधी करायलाच हवं.

तक्रारी दोन. बनवणाऱ्याने कबूल केलेली तारीख बरीच पुढे ढकलली, आणि केबल घासते तिथला रंग लवकर उडाला. तिथे आता पारदर्शक पट्टी लावली आहे.

तयार फ्रेम तुमच्या अंगाला बसत असेल आणि तिच्यात ४० मिमीचा टायर जात असेल, तर तीच घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या टायरांत घाला. अंगाला बसत नसेल, तर बनवणाऱ्याकडे जाताना हवा तो टायर आणि मडगार्ड सोबत न्या. जागा कागदावर लिहून न देता समोर मोजून घ्या.