सोन्याचा मुलामा, कोरा डबा आणि माझे 1,850 डॉलर

गेल्या महिन्यात डॅलसहून ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. "काका, जॉन वेनच्या नावाची विंचेस्टर मिळतेय. माणूस म्हणतो दहा वर्षांत दुप्पट होईल. घेऊ का?" (जॉन वेन म्हणजे काउबॉय सिनेमांतला नट, आणि विंचेस्टर ही अमेरिकन रायफल कंपनी, जी अशा नावांच्या आठवण-आवृत्त्या काढायची.) त्याला मी तासभर थांबवून धरलं. जे त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण टेक्ससमध्ये आपली बरीच मंडळी आता नेमबाजीच्या रेंजवर आणि शिकारीला जायला लागली आहेत, आणि तीन वर्षांपूर्वी मी नेमका याच बोलण्याला भुललो होतो. (एच-1बी सारख्या व्हिसावर असाल तर मुळात बंदूक बाळगणंच साधारणपणे बेकायदा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. मी नागरिक झाल्यावरच या वाटेला गेलो.)

ह्यूस्टनजवळच्या एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, एका वयस्कर गृहस्थांनी टेबलावर पाच-सहा लिव्हर अ‍ॅक्शन (घोड्याजवळचा दांडा खाली ओढून काडतूस भरायच्या) रायफली मांडल्या होत्या. दुकानदार नाही, स्वतःचा संग्रह मोडतोय, असं म्हणाले. बोलायला अतिशय गोड. त्यातली एक रायफल पाहून मी जागेवर थांबलो. विंचेस्टर सेंटेनियल 66. अष्टकोनी लांब नळी, झळाळणारा सोनेरी रिसीव्हर (नळीमागचा, यंत्रणा ज्यात बसते तो भाग), दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी. शेजारी तिचा मूळ डबा. "एकही गोळी झाडलेली नाही. फार थोड्या बनल्या. 94 मॉडेल आहे, नामांकित बंदूक-रचनाकार ब्राउनिंगचं डिझाइन." मी त्यांना 1,850 डॉलर रोख मोजले. खाजगी विक्री, दोघेही टेक्ससचे रहिवासी, त्यामुळे कागदपत्रं लागत नाहीत हेही त्यांनीच सांगितलं. ते कायद्याने खरंच होतं. पण कागद लागत नाही म्हणून मी साधी पावतीही मागितली नाही, आणि ती चूक पुढे फार महागात पडली.

आधी या रायफली आहेत काय ते सांगतो. विंचेस्टरने 1964 मध्ये वायोमिंग राज्याच्या पंचाहत्तरीनिमित्त मॉडेल 94 ची खास आवृत्ती काढली. ती होती सुमारे 1,500 नगांची. ती चालली, आणि मग 1966 पासून जवळपास दरवर्षी काही ना काही निमित्त निघत गेलं: 1966 ला कंपनीची शंभरी, 1967 ला कॅनडाची शंभरी, 1968 ला 'वाइल्ड वेस्ट' खेळांचा बफेलो बिल, 1969 ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. सेंटेनियल 66 चा सोनेरी रंग उगाच नव्हता. 1866 च्या पहिल्या विंचेस्टरचा रिसीव्हर पिवळ्या धातूचा होता, लोक तिला 'यलो बॉय' म्हणत, तिची ती आठवण. पण ही सेंटेनियल बनली एक लाखाहून जास्त! बफेलो बिलही एक लाखावर. आणि ज्यांनी घेतल्या त्यांनी जपून ठेवण्यासाठीच घेतल्या होत्या. त्यामुळे साठ वर्षांनंतरही त्या कपाटाकपाटातून डब्यासकट निघतात. जी वस्तू लाखाने बनली आणि लाखाने जपली गेली ती दुर्मिळ कशी होणार? 'फार थोड्या बनल्या' हे वाक्य ऐकलं त्याच क्षणी मी आकडा विचारायला हवा होता.

'94 मॉडेल' म्हणण्यातही एक खुबी असते. ब्राउनिंगचं डिझाइन 1894 चं, हे खरं. पण तुमच्या हातातली रायफल 1966 ची असते. विंचेस्टरने 1964 मध्ये खर्च वाचवायला घडणावळ बदलली. संग्राहक 'प्री-64', म्हणजे 1964 पूर्वीच्या, म्हणून ज्यांना जादा पैसे देतात त्या या नव्हेत.

दोन महिन्यांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला त्याच्या ओळखीच्या बंदूक कारागिराकडे नेलं. विम्यासाठी किंमत लिहून घ्यायची होती. त्यांनी रायफल हातात घेतली, रिकामी आहे याची खात्री केली, मग लिव्हर खाली ओढून ती तशीच उघडी धरली आणि आत छोटा दिवा टाकला. म्हणाले, "इथे बघा." काडतूस उचलून वर आणणारा जो लिफ्टर असतो, त्याच्यावर पितळेचे पिवळे पट्टे होते, एकावर एक बसलेले. बोल्टच्या (काडतुसाला मागून अडवणाऱ्या भागाच्या) तोंडावर, फायरिंग पिन म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या टोच्याच्या भोकाभोवती, काडतुसांच्या बुडांनी उठवलेलं गोल वळ. मी विक्रेत्याचंच वाक्य पुढे केलं, की कारखान्यात चाचणीच्या गोळ्या झाडतातच. ते म्हणाले, हो, झाडतात, म्हणून 'कोरी' याचा अर्थच कारखान्यातून निघाल्यावर न झाडलेली. पण चाचणीच्या दोन-चार गोळ्यांनी असं होत नाही. मग त्यांनी तांबं काढायच्या द्रावणात भिजवलेली चिंधी नळीतून फिरवली. बाहेर आली ती निळी. दुसरी निळी. चौथीसुद्धा निळीच होती, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांचं तांबं नळीत साठलेलं.

त्यानंतर त्यांनी रिसीव्हर खिडकीपाशी नेला आणि माझ्या हातात भिंग दिलं. उजव्या बाजूला एक बारीक ओरखडा होता. तो मी आधीही पाहिला होता आणि वापराचा म्हणून सोडून दिला होता. मुलामा मूळचा असता तर ओरखड्याच्या तळाशी पोलाद दिसलं असतं. इथे तळाशीही सोनंच होतं. म्हणजे आधी ओरखडा, नंतर मुलामा. डब्याच्या टोकावरच्या चिठ्ठीतल्या नंबरात एक आकडा भिंगाखाली सरळ दिसत होता: 3 चा 8 केलेला. डबा दुसऱ्याच रायफलीचा होता.

किंमत? ते म्हणाले, कोरी, स्वतःच्या डब्यासकट असती तरीही मी मोजले तेवढे तिचे होत नाहीत. अशी झाडलेली, मुलामा बदललेली म्हणजे फक्त एक साधी .30-30 काडतुसाची रायफल, फार तर 600 डॉलर. इतर जुन्या बंदुकीत थोडी झीज थोडीच किंमत उतरवते. या आवृत्त्यांचं तसं नाही. संग्राहकाला ती कोरीच हवी असते, आणि शिकाऱ्याला सोनेरी रिसीव्हरचा काही उपयोग नसतो. मधला गिऱ्हाईकच नाही. सोन्याचंही म्हणाल तर तो विजेने चढवलेला पातळ थर. आपल्या सोनाराच्या हिशेबात त्याचं वजनच धरता येणार नाही.

पोलिसांकडे गेलो. विक्रेत्याचं नाव काय, गाडीचा नंबर काय, पावती कुठे? माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. पुढच्या दोन शोला जाऊन टेबलं शोधली. ते गृहस्थ परत दिसले नाहीत.

म्हणून सांगतो. घेण्याआधी मालकाची परवानगी घेऊन लिव्हर उघडून लिफ्टर आणि बोल्टचं तोंड बघा. ऑनलाइन घेत असाल तर त्या दोन्हींचे फोटो मागा. नुसता बाहेरून चमकणारा फोटो काही सांगत नाही. दस्त्याचं लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे फट पडलीय का बघा, भिंतीवर टांगलेल्या रायफलीचं लाकूड आकसतं. बाजूला खोगिराची कडी असेल तर तिच्याखाली ती घासून कमानीसारखी रेघ उठलीय का बघा. डब्याचा नंबर रायफलीशी अक्षरशः बोट ठेवून जुळवा. आणि किंमत ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका. लिलावाच्या साइटवर संपलेले, खरोखर बोली लागून विकले गेलेले सौदे बघा. मागायला कोणीही तीन हजार मागतो, आणि तीच रायफल वर्षभर तिथेच पडून असते. कारखान्याबाहेर एखाद्या कंपनीने साध्या रायफलीवर नक्षी कोरून काढलेल्या 'लिमिटेड' आवृत्त्यांबाबत तर दुप्पट सावध राहा, त्यात बहुतेकदा मूळ बंदुकीचीच किंमत परत येते.

डॅलसच्या मुलाला मी आणखी एक सांगितलं. जॉन वेनची 1981 ची आवृत्ती .32-40 काडतुसाची आहे. त्या गोळ्या सहज मिळत नाहीत. म्हणजे कोरी नसेल तर ती रेंजवर चालवायलाही त्रासाची. त्याने लिफ्टरचा फोटो मागितला. समोरच्याने पुन्हा बाहेरचेच चार फोटो पाठवले. त्याने घेतली नाही.

माझी सेंटेनियल मी गेल्या हिवाळ्यात 575 डॉलरला विकली. या वेळी पावती केली, आणि घेणाऱ्या तरुणासमोर तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: झाडलेली आहे, मुलामा मूळचा नाही, डबा दुसऱ्या रायफलीचा. त्याने ते दोनदा वाचलं, लिव्हर उघडून आत दिव्याने पाहिलं आणि मग पैसे मोजले.