वाळूघराचा संच : टाकी देखणी, पण ओली वाळू कुठे?

कॅसलरॉक ते कुळे या रेल्वेच्या घाटात ३७ ला १, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट, असा चढ आहे. पावसाळ्यात रूळ निसरडे झाले की इंजिनाची चाके जागीच फिरू लागतात. तेव्हा चालक वाळू सोडतो आणि दाबाची हवा ती नळीवाटे थेट चाकापुढे रुळावर फेकते. बेळगावच्या टिळकवाडीतील घराच्या माडीवर मी कॅसलरॉकच्या यार्डाची प्रतिकृती १:८७ मापात उभारीत आहे. त्यासाठी एका परदेशी कंपनीचा वाळूघराचा, म्हणजे इंजिनांसाठी वाळू वाळवून भरून देणाऱ्या जागेचा, प्लास्टिक संच मागवला. टाकीचा मनोरा अमेरिकी धाटणीचा आहे, तेवढी सूट मी स्वतःला दिली.

उंच टाकीचे काम खरोखर सुबक आहे. इंजिनावरील वाळूपेटीपेक्षा टाकी उंच हवी, म्हणजे वाळू स्वतःच्या वजनाने खाली उतरते, हे संच करणाऱ्याने नेमके ओळखले आहे. हवेच्या दाबाने वाळू वर चढवणारा उभा पाइपही योग्य जागी दिला आहे. मात्र सोबतची वाळू सोडायची नळी काठीसारखी ताठ निघाली. ती फेकून मी खडेबाजारातून आणलेली बारीक काळी वायर किंचित झोल देऊन लावली, तेव्हा कुठे ती नळी वाटू लागली.

खरी उणीव वेगळी आहे. ओली वाळू गोळे धरते आणि नळ्या तुंबवते, म्हणून ती आधी भट्टीवर वाळवून, चाळून मगच टाकीत चढवावी लागते. संचात भट्टीची खोली आणि धुराडे आहे, पण ज्या कप्प्यातून कच्ची वाळू भट्टीकडे जाते तो कप्पाच नाही. भट्टीला वाळवायला वाळू येणार कुठून? अखेर काड्यांच्या फळ्या करून तो मी भिंतीलगत बांधला.

त्यात खानापूरहून आणलेली मलप्रभेची वाळू ओतली आणि फसलो, कारण अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात लिंबाएवढा दिसतो. मग तीच वाळू खलबत्त्यात कुटून जुन्या मलमलीतून गाळली. कप्प्यातील ढिगावर पातळ डिंकपाणी सोडून तो गडद केला, तर टाकीखाली रुळांच्या मधोमध कोरडी, फिकट वाळू सांडलेली दाखवली.

टाकीसाठी संच घ्यावा. नळी आणि कप्पा स्वतः करण्याची तयारी मात्र हवी.