व्होटर टर्नआउट ॲप: टक्का कळतो, निकाल कळत नाही

साडेतीन स्टार देतोय, त्यातला अर्धा जाहिराती नाहीत म्हणून. इलेक्शन कमिशनचं हे ॲप 2019 ला आलं, आता ते ईसीआयनेट नावाच्या मोठ्या ॲपमध्ये घातलंय पण काम तेच, मतदानाच्या दिवशी कुठे किती टक्के झालं ते साधारण दर दोन तासांनी कळतं. आधी राज्य मग लोकसभा मग विधानसभा असं आत आत जाता येतं, फार डोकं लावावं लागत नाही. टीव्हीवर चौघं एकमेकांवर ओरडत असतात त्यापेक्षा कधीही बरं.

गडबड ॲपमध्ये नाही, ते वाचणाऱ्यांत आहे. दुपारी तीन वाजले की ग्रुपवर स्क्रीनशॉट पडायला सुरुवात, बघा आपल्याकडे टक्का वाढला म्हणजे सीट आपलीच. अहो कशावरून?

2024 च्या लोकसभेची ईशान्य मुंबई घ्या. त्यातल्या मुलुंड विधानसभेत मतदान साठीच्या वर आणि मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये पन्नाशीच्या आसपास. नुसतं ॲप बघितलं असतं तर कोणीही म्हणालं असतं की भाजपचे मिहिर कोटेचा आरामात निघतील, मुलुंड त्यांचा बालेकिल्ला ना. निघाले ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय दिना पाटील, 29 हजारांच्या वर लीडने. कारण मानखुर्दला कमी लोक बाहेर पडले पण जे पडले त्यांनी एकगठ्ठा दिलं, मुलुंडचं लीड तिथेच फिटलं. हिशोब सोपाय. समजा लाख मतदार आहेत, 60 टक्के झालं आणि मतं 55-45 फुटली तर लीड येतं 6 हजार. दुसरीकडे 50 टक्केच झालं पण 80-20 पडलं तर 30 हजार. ॲप तुम्हाला 60 आणि 50 एवढंच दाखवणार, पुढचं तुम्ही आपापल्या मनाने भरायचं, आणि प्रत्येकजण आपल्या पक्षाच्या बाजूनेच भरतो.

म्हणून टक्क्याला किंमत नाही असं पण नाही हां. वायव्य मुंबईत त्याच निवडणुकीत शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ठाकरेंच्या शिवसेनेच्या अमोल कीर्तिकरांपेक्षा 48 मतांनी पुढे राहिले. अठ्ठेचाळीस! मतदार 17 लाखांच्या वर, त्यातले साडेसात लाखांहून जास्त घरी बसले, आणि नोटाला (म्हणजे 'यापैकी कोणी नाही' या बटणाला) 15 हजारांच्या वर मतं गेली ती वेगळीच. 48 म्हणजे आमच्या बिल्डिंगची एक विंग. 20 मे ला सोमवार होता, शनिवार-रविवार जोडून अर्धी मुंबई गावाला, वर ऊन आणि बऱ्याच केंद्रांवर रांग हलतच नव्हती, त्यात किती जण वैतागून परत गेले असतील कोणास ठाऊक. आणि महापालिकेला तर 2017 मध्ये वॉर्ड 220 ला शिवसेना आणि भाजप दोघांना सारखीच मतं पडली, शेवटी चिठ्ठी टाकून भाजपचे अतुल शाह निवडून आले.

अजून एक गोष्ट ॲप सांगत नाही, टक्का काढताना खाली भागायला घेतात ती यादीच किती खरी आहे. मुंबईत रीडेव्हलपमेंटला बिल्डिंग गेली की माणसं संक्रमण शिबिरात नाहीतर भाड्याने विरार-बदलापूरला, नाव मात्र जुन्याच पत्त्यावर. काहींची दोन ठिकाणी, काही वारलेल्यांची पण तशीच. कुलाबा दरवेळी तळाला असतो आणि दरवेळी साउथ मुंबईवाले आळशी म्हणून मीम येतात, आळशी असतीलही, पण तिथे नेव्ही-आर्मीच्या बदल्या होऊन गेलेल्यांची आणि सोडून गेलेल्या भाडेकरूंची नावं काढून बघितली तर टक्का थोडा तरी वर येईल की नाही?

मला खरं हवं होतं ते बूथचं. आमच्या मागची चाळ किती आणि समोरचा टॉवर किती, तेवढं खाली हे जात नाही, विधानसभेवर थांबतं. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या पक्षांच्या पोरांकडे ह्याच्यापेक्षा चांगला डेटा असतो, यादीवर पेन्सिलने खुणा करत जातात आणि चार वाजता कोणाच्या घरी बेल मारायची ते त्यांना तोंडपाठ असतं. निकाल लागल्यावर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर फॉर्म 20 ची पीडीएफ येते, त्यात बूथवार कोणाला किती पडली ते सगळं असतं. फक्त त्या ओळीत बूथचे एकूण मतदार नसतात, म्हणजे टक्का काढायचा तर मतदार यादीचा तो भाग वेगळा उघडा, आकडा घ्या, मग भागा. मोबाइलवर ह्या फंदात पडू नका, डोळे जातील, लॅपटॉप घेऊन एक्सेलमध्ये टाका.

तर ॲप घ्या जरूर, मतदानाच्या दिवशी टाइमपासला झकास आहे. पैज मात्र लावू नका, आणि लावलीच तर टक्का बघून कोटेचांवर पैज हरलेल्या मुलुंडवाल्यांकडून पार्टी अजून यायची आहे, ती त्यांना कोणीतरी आठवण करून द्या.