मासेमारी बंदीत विक्रीला काय ठेवाल: सुकी मासळी की फ्रीजरमधली?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. छोट्या विक्रेत्याने गाळाही बंदच ठेवावा असं नाही.

सुक्या मासळीला वीज लागत नाही, पण माल मे महिन्यातच भरावा लागतो. बोंबील मोडून बघा. कटकन तुटला तर घ्या. वाकला तर आत ओल आहे, पावसाळी हवेत बुरशी धरणारच. घरी आणून पुन्हा कडक ऊन द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. गरम भरलात तर झाकणाला आतून पाणी सुटतं, अख्खा डबा वाया जातो.

फ्रीजरला सतत उणे १८ अंश हवेत. बांगडा तेलकट, लवकर खवट होतो. कोळंबी त्यापेक्षा टिकते. वीज वारंवार जात असेल, तर सुकीच बरी.