मूड ट्रॅकर अ‍ॅप: शब्दांची यादी एक नंबर, पण ते स्ट्रीक प्लीज काढा

बरेच महिने एक मूड ट्रॅकर अ‍ॅप वापरतेय. नाव देत नाही, कारण या प्रकारातली बहुतेक अ‍ॅप्स थोड्याफार फरकाने सारखीच असतात आणि मला बोलायचंय ते त्यातल्या फीचर्सबद्दल, म्हणजे कुठलं खरंच उपयोगी पडतं आणि कुठलं उगाच डोक्याला ताप.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे शब्दांची स्क्रीन. आधी पाच चेहरे येतात, त्यातला एक दाबला की खाली लांबलचक यादी उघडते, चिडचिड, हेवा, लाज, हुरहुर, एकटेपणा, दमणूक असं बरंच काही. परवा मीटिंगनंतर डोकं सणकलं होतं, मी सरळ "राग" दाबणार होते, पण स्क्रोल करताना "डावललं गेल्यासारखं वाटतंय" दिसलं आणि लगेच कळलं की हेच ते. मग कुणावर ओरडायची इच्छाच राहिली नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन शांतपणे विचारलं की माझा मुद्दा का घेतला नाही.

हे नुसतं मनाचं समाधान नाहीये बरं का. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं स्कॅन) झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले होते. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोका दिसला की पेटून उठणाऱ्या भागाची, हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाचा एक तुकडा जास्त कामाला लागला. त्याच चेहऱ्यासाठी नुसतं माणसाचं नाव निवडायला सांगितलं तेव्हा तेवढा फरक पडला नाही.

श्वासाचा व्यायामही चांगला आहे, नाकाने दोनदा श्वास आत आणि मग तोंडाने लांब उच्छ्वास. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या नसेमुळे, हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. स्टॅनफर्डच्या २०२३ च्या अभ्यासात महिनाभर रोज ५ मिनिटं असा श्वास घेणाऱ्यांचा मूड माइंडफुलनेस ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता. झोपेचा ग्राफ मूडच्या ग्राफखालीच दिसतो हेही आवडलं, कारण झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी क्षुल्लक गोष्टीही का लागतात ते तिथे डोळ्यांना दिसतं.

आता जे अजिबात पटलं नाही ते. एक धडा आहे "डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल", आणि पुढे मोबाइल बाजूला ठेवून डोपामिन रिकामं करा वगैरे. अहो, मेंदूचे संशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांपासून माहितीये की डोपामिनच्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की जोरात चालतात, ठरल्याप्रमाणे मिळालं की विशेष काही करत नाहीत आणि अपेक्षित गोष्ट मिळाली नाही की मंदावतात, म्हणजे ते शिकण्याचं आणि हवंहवंसं वाटण्याचं काम करतं, आणि ते असं टाकीसारखं रिकामं होत नाही. ज्या अ‍ॅपवर लोक मन हलकं करायला येतात तिथे अशी अर्धवट माहिती द्यायची म्हणजे फार वाईट वाटतं.

दुसरं ते २१ दिवसांचं स्ट्रीक, म्हणजे सवय लागावी म्हणून सलग किती दिवस नोंद केली ते मोजणारा आकडा. फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४, आणि एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडत नव्हतं. इथे मात्र एक दिवस राहिला की आकडा शून्यावर येतो आणि लाल रंगाचा रडका चेहरा! आधीच खचलेल्या माणसाला हे दाखवायचं?

आणि मूड "वाईट" नोंदवला की लगेच "हसत राहा" असा कोट येतो. भावना चेहऱ्यावर दिसू न देता दाबून ठेवली तर आतलं वाईट वाटणं कमी होत नाही, उलट शरीरावर ताण वाढतो, हे जेम्स ग्रॉस यांनी नव्वदच्या दशकातच दाखवलंय. त्याऐवजी प्रसंगाकडे वेगळ्या अंगाने बघायला मदत करणारा एखादा प्रश्न विचारला असता तर किती बरं झालं असतं.

रोजच्या चढउतारांसाठी घ्या, फ्री व्हर्जन पुरेसं आहे. पण दोन आठवडे झाले तरी मन उदासच आहे, कशात रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीये असं असेल तर ग्राफ बघत बसू नका, डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टकडे जा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. डेव्हलपर वाचत असतील तर स्ट्रीक बंद करायचं बटण द्या आणि त्या यादीत आपले आपण शब्द टाकता येऊ देत.